जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांविषयी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गुढीपाडवा झाला की मोठ्या गटातील मुलांच्या घरी जूनचा विचार सुरू होतो. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे संक्षिप्त करून, लिहिणाऱ्यांची नावे वगळून, येथे घेतली आहेत. माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढील उत्तरांचा रोख लक्षात येईल. पहिलीत जाणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त उपयोगी पडते ती अनोळखी मोठ्या माणसासमोर उभे राहून आपली गरज सांगता येण्याची सवय. तहान लागली आहे, पोट दुखते आहे, पेन्सिल सापडत नाही, सांगितलेले समजले नाही, एवढे ज्याला न घाबरता सांगता येते, त्याला बाकीचे शिकवायला शाळेकडे भरपूर वेळ असतो.

प्रश्न: माझी मुलगी सीनियर केजीत आहे. सोसायटीतील तिच्या बरोबरीची मुले शंभरपर्यंत आकडे लिहितात आणि तीन अक्षरी शब्द वाचतात. ही मात्र पेन्सिल हातात घेतली की थोड्याच वेळात बोटे दुखतात म्हणते आणि पान अर्धवट सोडून उठते. आम्ही ज्या शाळेत पहिलीसाठी अर्ज केला आहे, तेथे प्रवेशाआधी मुलांची ‘छोटीशी चाचणी’ घेतली जाईल, असे सांगण्यात आले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला शिकवणी लावावी का? (एक आई, इंदिरानगर)

उत्तर: शिकवणी लावू नये. तुमच्या मुलीच्या हाताला आज ज्या गोष्टीची गरज आहे, ती शिकवणीत मिळणार नाही आणि जे तेथे मिळेल त्याचा तिला कंटाळा येण्याचीच शक्यता अधिक आहे.

बोटे दुखतात, ही तक्रार सबब समजू नये. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची असतात आणि पुढे एकेक करून हाडाचे रूप घेत जातात. शेवटच्या हाडाची पाळी येईपर्यंत मूल बहुधा नऊ-दहा वर्षांचे झालेले असते. साडेपाच वर्षांच्या हाताची वाढ अजून चालू असते आणि बारीक पेन्सिल धरून दोन ओळींच्या मध्ये अक्षर बसवणे त्याला जड जाते. हाताला ताकद येते ती घरातल्या कामांतून. तुम्ही पोळ्यांची कणीक मळत असाल, तेव्हा तिला एक गोळा तिंबायला द्या. ओले फडके पिळून दोरीवर टाकू द्या. मणी ओवणे, ठिपक्यांची रांगोळी काढणे, जमिनीवर पालथे पडून खडूने मोठी चित्रे काढणे, हे सगळे लेखनाचेच पूर्वकाम आहे. भुईमुगाची शेंग सोलताना तिची बोटे एकदा जवळून पाहा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात शेंग धरायची, मधल्या बोटाचा आधार घेऊन टरफलाच्या टोकावर नेमका दाब द्यायचा आणि दाणा न सांडता वाटीत टाकायचा. पेन्सिल नीट धरायला जी चिमूट लागते, ती हीच. वाटीभर शेंगा सोलताना जी मुलगी कुरकुरत नाही, ती पुढे लिहितानाही कुरकुरणार नाही.

आता चाचणीविषयी. शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची अथवा पालकांची कोणत्याही प्रकारे चाळणी करणे हा गुन्हा आहे. पहिल्या उल्लंघनासाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शाळेने चाचणीला ‘गप्पा’ किंवा ‘ओळख’ असे नाव दिले आणि तिच्या निकालावर प्रवेश ठरवला, तर ती चाळणीच झाली. शाळेला लेखी पत्र देऊन ही चाचणी कशासाठी आहे, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करता येते. पालक सहसा हे करत नाहीत, कारण मुलाला पुढे दहा वर्षे त्याच शाळेत काढायची असतात. ही भीती मला समजते. तरीसुद्धा दोन-चार पालकांनी एकत्र येऊन पत्र दिले, तर एकट्यावर रोख येत नाही.

शेजारची मुले शंभरपर्यंत लिहितात, याचा ताण घेण्याआधी अपेक्षा नेमकी काय आहे, ते पाहू. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात पहिलीच्या आधीच्या वर्षासाठी, म्हणजे बालवाटिकेसाठी, लक्ष्ये ठरवून दिली आहेत. मुलाने अक्षर आणि त्याचा ध्वनी ओळखावा, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचावेत आणि १० पर्यंतचे अंक ओळखावेत, असे ती सांगतात. शंभर आकडे लिहिण्याचा उल्लेख त्यांत नाही. समजपूर्वक वाचन आणि पायाभूत गणित हे उद्दिष्ट तर तिसरीच्या अखेरपर्यंतचे आहे. शिवाय पहिलीच्या सुरुवातीचे तीन महिने खेळांतून शाळेची तयारी करून घेण्यासाठी ‘विद्याप्रवेश’ नावाचा कार्यक्रमच आखलेला आहे. म्हणजे तयारीचा सगळा भार घरावर टाकावा, असे शिक्षणव्यवस्थेनेही म्हटलेले नाही.

शब्दवाचनाकडे जाण्याची वाट कानातून जाते. जेवणाच्या ताटावर किंवा प्रवासात गावांच्या भेंड्या खेळा. नाशिक म्हटले की ‘क’ वरून कळवण. ‘ण’ वरून शब्द सुरू होत नाही म्हणून ‘न’ घेऊन निफाड. ‘ड’ वरून डांगसौंदाणे. पुन्हा ‘ण’ आला म्हणून ‘न’, म्हणून नांदगाव. ‘व’ वरून वणी. शब्दाचा शेवटचा आवाज वेगळा काढता येणे आणि त्या आवाजाने सुरू होणारा दुसरा शब्द शोधता येणे, ही वाचनाची खरी पूर्वतयारी आहे आणि तिला वही लागत नाही. गणिताचेही तसेच आहे. ‘आज जेवायला आपण पाच जण आहोत, पाने मांड’ असे सांगितल्यावर तिने मोजून पाच ताटे आणली आणि मामा आल्यावर न सांगता सहावे आणले, तर शंभरपर्यंत पाठ म्हणणाऱ्या मुलापेक्षा तिचे पाऊल पुढेच आहे.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. हाक मारल्यावर ती पटकन ओ देत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल किंवा चित्र पाहताना पुस्तक अगदी डोळ्यांजवळ नेत असेल, तर जूनच्या आधी कान आणि डोळे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. पहिलीत ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसलेल्या काही मुलांना मुळात नीट ऐकू येत नसते किंवा फळा नीट दिसत नसतो.

प्रश्न: माझा नातू पावणेसहा वर्षांचा आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, त्यामुळे त्याचे सगळे मीच करते. भरवल्याशिवाय तो जेवत नाही, डबा उघडत नाही, शी झाल्यावर धुवायलाही मी लागते. बालवाडीत मावशी होत्या, त्यामुळे निभावले. सून म्हणते की माझ्या लाडांनी तो असा झाला. आता दोन महिन्यांत काय करता येईल? (एक आजी, पंचवटी)

उत्तर: आजी, नमस्कार. लाड कोणी केले, हा वाद घरात चालू राहिला, तर नातवाला शिकवायचे राहून जाईल. म्हणून तो आज बाजूला ठेवू. दोन महिने पुरेसे आहेत. मात्र एका वेळी एकच गोष्ट हाती घ्या आणि जी शिकवाल, ती घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने शिकवा.

मावशींचा उल्लेख आपण केला, तो फार महत्त्वाचा आहे. बालवाडी आणि पहिली यांतला मुलांना पहिल्याच दिवशी जाणवणारा फरक तोच आहे. पहिलीच्या वर्गात बहुतेक ठिकाणी मदतनीस नसते. कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक असावा लागतो. म्हणजे निकष पाळला गेला, तरी एका बाईंचे लक्ष तीस जणांत वाटले जाते.

सुरुवात शौचापासून करा, कारण तेथे अडचण आली की मुलाला लाज वाटते आणि मग ते दिवसभर पाणी पीत नाही, शू दाबून ठेवते. घरी कमोड असेल, तर शाळेत भारतीय पद्धतीचे शौचालय असू शकते. त्यावर बसण्याची सवय आधीच करून द्या. पाणी डाव्या हाताने कसे घ्यायचे, मग किती ओतायचे, साबणाने हात कसे धुवायचे, हे प्रत्येक पायरी वेगळी करून, न चिडता दाखवा. गणवेश आणला की तो जूनपर्यंत कपाटात ठेवू नका. घरातल्या इलॅस्टिकच्या चड्डीपेक्षा शाळेच्या पँटचा हूक आणि चेन वेगळी असते, आणि घाईच्या वेळी नेमका तो हूकच निघत नाही. रोज एकदा पँट घालणे आणि काढणे हा खेळ होऊ द्या. आपल्याकडे शाळा सुरू होते तीच पावसाच्या तोंडावर. त्यामुळे रेनकोट स्वतः काढून, उलटा न करता खुंटीला अडकवणे आणि ओले मोजे काढून ठेवणे हेही मे महिन्यातच शिकवावे.

डबा विकत घेण्याआधी दुकानातच नातवाच्या हातात देऊन उघडायला सांगा. चारी बाजूंनी घट्ट बसणाऱ्या झाकणाचा डबा आईच्या सोयीचा असतो, कारण दप्तरात भाजी सांडत नाही. मुलाला मात्र तो उघडत नाही आणि मधली सुट्टी झाकणाशी झटापट करण्यात संपते. पोळीभाजी रोल करून दिली, तर हाताने खाणे सोपे जाते. भरवणे एकदम बंद न करता आधी पहिले चार घास त्याचे, मग आपले, असे करत पंधरवड्यात सगळे जेवण त्याच्या हाती सोपवा. सांडेल, अंगावर पडेल, वेळही लागेल. पण शाळेतही तसेच होणार आहे आणि तेथे पुसायला आजी नसेल. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार असेल, तर तेथे सर्वांबरोबर पंगतीत बसून शिजवलेला आहार खायचा असतो. म्हणून घरीही त्याला खाली मांडी घालून जेवायची सवय लावा.

भरवण्यातून जो वेळ मोकळा होईल, तो गोष्टीला द्या. तो स्वतःच्या हाताने जेवत असताना आपण गोष्ट सांगावी, मध्येच थांबून ‘मग कोल्हा काय म्हणाला असेल?’ असे विचारावे. एका माणसाचे बोलणे सलग ऐकणे, त्यातला धागा लक्षात ठेवणे आणि विचारल्यावर पूर्ण वाक्यात उत्तर देणे, या तिन्ही गोष्टी पहिलीत दिवसभर लागतात. त्या शिकवायला आजीइतके योग्य माणूस घरात दुसरे नाही, असे मी मनापासून मानते.

आणि त्याच्या वतीने बोलणे थांबवा. तो ‘आजी…’ म्हणत घुटमळला की आपल्याला कळते, त्याला पाणी हवे आहे. तरी वाक्य त्यालाच पूर्ण करू द्या. आपण पंचवटीत राहता, तर बुधवारी गोदाघाटावर भरणाऱ्या आठवडे बाजारात त्याला बरोबर न्या. त्याच्या हातात दहा रुपये देऊन कोथिंबिरीची जुडी त्यालाच मागू द्या. आपण दोन पावले मागे उभ्या राहा. पहिल्या खेपेला तो आपल्या पदराआड लपेल, दुसऱ्या वेळी पुटपुटेल, पण काही बुधवारांनंतर भाजीवाल्या मावशींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलेल. ज्या मुलाने गजबजलेल्या बाजारात जुडी मागितली आहे, त्याला वर्गात ‘बाई, मला शूला जायचे आहे’ हे म्हणणे कठीण जात नाही.

प्रश्न: आमच्या मुलाचा जन्म डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातला आहे. नियमाप्रमाणे तो यंदा पहिलीत बसतो. पण त्याच्या गटातील बहुतेक मुले त्याच्यापेक्षा मोठी वाटतात. मी अंबडच्या कारखान्यात पाळीत काम करतो, त्यामुळे त्याच्याबरोबर वेळ कमी मिळतो. प्रवेश घ्यावा की एक वर्ष थांबावे? (एक वडील, सातपूर)

उत्तर: महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण होणे आवश्यक धरले जाते. याचा अर्थ आपला मुलगा जूनमध्ये सुमारे साडेपाच वर्षांचा असताना वर्गात बसेल आणि त्याच्याच बाकावर जानेवारीत जन्मलेले, जवळजवळ एक वर्षाने मोठे मूल असेल. मोठ्या माणसांत एका वर्षाचे अंतर दिसत नाही. सहा वर्षांच्या आयुष्यात ते सहावा हिस्सा असते. उंची, बोलणे, रडू आवरणे, एका जागी बसणे, सगळ्यांत ते दिसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही ३ ते ६ वर्षे ही पूर्वप्राथमिकची आणि त्यानंतर पहिली, अशीच मांडणी आहे. केंद्रीय विद्यालयांत तर ३१ मार्चला ६ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्या हिशेबाने आपला मुलगा यंदा बसलाच नसता.

म्हणून माझा कल थांबण्याकडे आहे. नियमाने प्रवेश मिळू शकतो, एवढ्यावरून तो यंदाच घेतला पाहिजे असे होत नाही. तरीही निर्णय मुलाकडे पाहून करावा. ओळखीच्या बाईंपाशी तो आईवडिलांशिवाय काही तास शांत राहतो का, दोन सूचना एकापाठोपाठ दिल्या तर पाळतो का, खेळात हरल्यावर थोड्या वेळाने सावरतो का, स्वतःचे नाव आणि आपले नाव नवख्या माणसाला सांगतो का? यांतले बरेचसे जमत असेल, तर वय लहान असूनही त्याला पाठवायला हरकत नाही. जमत नसेल, तर थांबा आणि त्या वर्षी त्याला घरी न बसवता बालवाडीत किंवा अंगणवाडीत चालू ठेवा.

हा निर्णय आताच घ्यावा लागेल, याचे एक कारण पालकांच्या लक्षात येत नाही. पहिलीत घालून पाहू, जमले नाही तर पुन्हा त्याच वर्गात बसवू, असा विचार पूर्वी चाले. आता पहिलीत मुलाला मागे ठेवता येत नाही; ते दुसरीत जाते आणि न जमलेले सगळे बरोबर घेऊन जाते. आपण शिक्षणाचा अधिकार कायद्याखाली खासगी शाळांत असलेल्या २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश घेणार असाल, तर तेथे वयाची वरची मर्यादाही असते, ती त्या वर्षीच्या सूचनेत पाहून मगच थांबण्याचे ठरवा.

पाळीच्या कामामुळे वेळ मिळत नाही, असे आपण लिहिले आहे. रात्रपाळीहून सकाळी आल्यावर मुलाला शाळेच्या वाटेने चालत नेऊन आणणे, एवढे आपण आठवड्यातून दोन-तीनदा केलेत तरी पुष्कळ झाले. फाटक कुठे आहे, रस्ता कुठे ओलांडायचा, घ्यायला येणारा माणूस कुठल्या झाडाखाली उभा असेल, हे त्याने वडिलांच्या बोटाला धरून पाहिलेले असू द्या.

प्रश्न: आम्ही मूळचे सटाणा तालुक्यातले, आता सिडकोत राहतो. घरी माझे आईवडील आहेत आणि सगळे अहिराणीतच बोलतो. मुलगी मराठी शाळेत पहिलीत जाणार आहे. बालवाडीच्या बाईंनी सांगितले की घरात अहिराणी बंद करा, नाहीतर ती मागे पडेल. आजी-आजोबांना हे फार लागले आहे. (एक पालक, सिडको)

उत्तर: अहिराणी बंद करू नका. घरातील वडीलधाऱ्या माणसांशी ज्या भाषेत ती भांडते, हट्ट करते आणि झोपताना गोष्ट ऐकते, ती भाषा तोडली, तर तिच्या बोलण्याचा ओघच आटेल. मराठी त्यामुळे लवकर येणार नाही. एका भाषेत नीट विचार करता येणाऱ्या मुलाला दुसरी भाषा जोडून घेणे सोपे जाते, हे आपल्या बागलाण-कळवणकडच्या पिढ्यांनी करून दाखवले आहे. कायदाही मुलाच्या बाजूने आहे. शिक्षणाचा अधिकार अधिनियमाच्या कलम २९ मध्ये शक्य तोवर मातृभाषेतून शिकवण्याचा आणि मूल भयमुक्त राहण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या मुलीला घरची बोली वापरल्याबद्दल टोकले जाते, ती वर्गात चूक होण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करते.

मग मराठीचे काय करायचे? ती घराबाहेरच्या खेळांतून, पुस्तकांतून, बडबडगीतांतून येऊ द्या आणि घरात दोन्ही भाषा शेजारी शेजारी ठेवा. आजीने अहिराणीत सांगितलेली गोष्ट तुम्ही दुसऱ्या दिवशी मराठीत सांगा. चित्रांचे एखादे पुस्तक आजोबा अहिराणीत आणि तुम्ही मराठीत वाचा. ‘मना’ आणि ‘माझा’, ‘तुना’ आणि ‘तुझा’ असे शब्द समोरासमोर आले की मुले स्वतःच त्यांतला मेळ शोधतात आणि त्यांना त्याची मोठी गंमत वाटते.

शाळा सुरू होण्याआधी पहिलीच्या बाईंना भेटा आणि तुमच्या मुलीच्या तोंडी येणाऱ्या पंधरा-वीस गरजेच्या अहिराणी शब्दांची आणि वाक्यांची यादी त्यांना लिहून द्या. तहान, भूक, शू, दुखणे, भीती, ‘समजले नाही’, ‘मला घरी जायचे आहे’ अशी सगळी वाक्ये त्यात असावीत. पहिल्या महिन्यात मुलीने काहीही आणि कुठल्याही बोलीत सांगितले, तरी ते बाईंना समजले पाहिजे. ज्या बाई ही यादी हसतमुखाने ठेवून घेतील, त्यांच्या वर्गात तुमची मुलगी सुखाने राहील. जी शाळा ती नाकारेल, तेथे मुख्याध्यापकांना भेटून हे बोलणे पुन्हा करा. हा हट्ट आईवडिलांनी धरावा असाच आहे.

प्रश्न: पहिले काही दिवस मुलगा रडला, तर वर्गात बसून राहावे का? गुपचूप निघून यावे का? (एक आई, नाशिकरोड)

उत्तर: दोन्ही नको. गुपचूप निघून गेलात, तर ‘आई कधीही नाहीशी होऊ शकते’ एवढेच तो शिकेल आणि दुसऱ्या दिवशी अधिक घट्ट धरून बसेल. वर्गात बसून राहिलात, तर बाईंशी नाते जुळायला उशीर होईल. निरोप छोटा आणि खरा असावा. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी फाटकापाशी असेन’ असे सांगून निघा आणि त्या वेळी तेथे असा. पाच मिनिटांचा उशीरही पहिल्या आठवड्यात करू नये. बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत रुळतात. महिना उलटूनही रोज सकाळी पोटात दुखत असेल, तर बाईंशी निवांत बोलून कारण शोधावे.

घरातील मोठ्यांनी आतापासून एक पथ्य पाळावे. ‘आता शाळेत गेलास की कळेल’, ‘बाई चांगल्या फटके देतील’ अशी वाक्ये तोंडातून जाऊ देऊ नयेत. मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींवर कायद्याने बंदी आहे. ज्या माणसाकडे मुलाने अडचण सांगावी असे आपल्याला वाटते, त्याच माणसाची भीती आपणच त्याच्या मनात भरतो.

प्रश्न: मी दिंडोरी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा आणि पेठकडची मजूर कुटुंबे बागांमध्ये येतात, त्यांची मुले काही महिने माझ्याकडे बसतात. शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो, तेव्हा ती गावी नसतात आणि इथल्या शाळेच्या यादीतही नसतात. जूनमध्ये ती आपापल्या गावी पहिलीत बसतील. माझ्या हातात काय आहे? (एक सेविका, दिंडोरी तालुका)

उत्तर: ताई, आपल्या हातात पुष्कळ आहे. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानातील मेळाव्यात नोंदणीनंतर शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व तयारी अशा टेबलांवर मुलांकडून छोट्या कृती करून घेतात, त्यांची नोंद विकासपत्रावर होते आणि मातांच्या गटांना घरी करण्याच्या कृती दिल्या जातात. यातले काहीही असे नाही, जे बागेच्या बांधावर होणार नाही. काढणी संपून कुटुंबे परतण्याच्या आधी, संध्याकाळी मजुरी आटोपल्यावर, त्यांच्या झोपड्यांपाशी तासाभराचा मेळावा घ्या. मोजायला खडे आणि चिंचोके, उड्या मारायला जमिनीवर आखलेले घर, ओळखायला पाने आणि भांडी पुरेशी आहेत. आया तेथेच असतील, त्यांना बघू द्या.

बोर्डीला १९४५ मध्ये सुरू झालेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलेले ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बालशिक्षणाचे काम आपल्यापासून फार दूर नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातलेच ते आहे. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्या बालवाडी त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. आपण ज्या पदावर आहात, त्याच्या नावातले अंगण तेथूनच आले आहे.

मेळाव्यानंतर प्रत्येक मुलाच्या आईच्या हाती एक कागद द्या. त्यावर मुलाचे नाव, जन्मतारीख, आपल्या अंगणवाडीतील नोंद, लसीकरणाची माहिती आणि मुलाला काय काय येते, ते चार ओळींत लिहा. पाच-सहा वर्षांच्या वयात द्यावयाचा त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील) लसीचा दुसरा बूस्टर स्थलांतरात हमखास राहतो. तो झाला की नाही, हेही नोंदवा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयाचा पुरावा म्हणून अंगणवाडीची नोंद ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. त्यामुळे आपल्या सहीच्या त्या कागदाचे वजन आपल्याला वाटते त्याहून अधिक आहे. मूल घरी कोकणा बोली बोलत असेल, तर तसेही लिहा, म्हणजे गावातल्या गुरुजींना पहिल्याच दिवशी कळेल.

खरी अडचण जूनमध्ये येत नाही, ती ऑक्टोबरच्या छाटणीला येते. जूनमध्ये पहिलीत बसलेले मूल चार महिन्यांत पुन्हा आईवडिलांबरोबर बागेत येते आणि ‘लहान आहे, बसू दे’ म्हणून पुन्हा अंगणवाडीत बसवले जाते. तसे होऊ देऊ नका. गाव सोडण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे म्हणून मिळणारे कार्ड, घेऊन यायला पालकांना आत्ताच, ते परत जाण्याच्या आधी, बजावून ठेवा. कार्ड आले किंवा न आले, तरी मुलाला जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या वर्गात नेऊन बसवा आणि तेथल्या बाईंशी त्याची ओळख करून द्या. त्या गावात त्या मुलाला नावाने ओळखणाऱ्या बहुधा आपण एकट्याच असाल, म्हणून हे काम दुसऱ्या कोणाकडून होण्याची वाट पाहू नये.